सहाव्या वर्षाची दाढ

धाराशिवच्या बाजारपेठेत दुपारी शाळा सुटली की दुकानांच्या गल्ल्यामागे नातवंडे येऊन बसतात. आजोबा खातेवहीवरून नजर फिरवीत असतात, वडील गिऱ्हाइकांत गुंतलेले असतात आणि मुलाच्या हाती बरणीतली एखादी गोळी किंवा चिक्कीचा तुकडा आलेला असतो. कळंब, भूम, परंडा, उमरगा, तुळजापूर, कोणत्याही पेठेत हे चित्र सारखेच दिसते. अशाच एखाद्या घरात उन्हाळ्याच्या दिवसांत गार पाणी पिताना सात वर्षांचे मूल एकाएकी गाल धरते. आई त्याला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावते, तर अगदी मागच्या दाढेवर पिवळसर तपकिरी डाग दिसतो. आजी धीर देतात, "अगं, दुधाची दाढ असेल. पडेल आपोआप आणि नवी येईल." घरातले सगळे निश्चिंत होतात. वर्षभराने दाढेचा कोपरा तुटतो, रात्री ठणका लागतो, आणि मग कळते की ती दाढ दुधाची नव्हतीच. ती कायमची होती आणि तिच्या जागी दुसरी येणार नव्हती.

या प्रसंगात कुणाचाही दोष नाही. मायेपोटी केलेला एक अंदाज चुकतो, एवढेच. मात्र या एका चुकीपायी मुलाला आयुष्यभराची दाढ गमवावी लागते. ही हानी बहुतेक वेळा टाळता येते. योग्य वेळी, काही मिनिटांत, सुई न टोचता आणि दात न कोरता करता येणारा एक उपाय गेल्या अर्ध्या शतकापासून उपलब्ध आहे. त्याचे नाव सीलंट, म्हणजे दाढेच्या खाचा बुजवून टाकणारा संरक्षक लेप.

पडल्यावाचून येणारी दाढ

बालकाच्या तोंडात दुधाचे एकूण वीस दात असतात. पाच-सहा वर्षांच्या सुमारास पुढचे दात हलू लागतात, पडतात आणि त्यांच्या जागी कायमचे दात येतात. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडते आणि घरात त्याचे कौतुकही होते. त्याच काळात दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर दोन आणि खाली दोन, अशा चार नव्या दाढा हिरडीतून हळूहळू वर येत असतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून त्यांचे आगमन घरात कुणाच्या ध्यानी येत नाही आणि कुणी त्यांना कायमची मानीत नाही. दंतवैद्यकात यांना पहिल्या कायमच्या दाढा म्हणतात. जाणकार पालक त्यांना 'सहाव्या वर्षाची दाढ' म्हणतात. त्यानंतर बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे दुसऱ्या कायमच्या दाढा येतात.

चर्वणाचा मोठा भार या पहिल्या दाढांवर असतो. वरच्या आणि खालच्या जबड्याचा मेळ कसा बसेल, हेही बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते. ही दाढ लहानपणी काढावी लागली तर शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ त्या पोकळीत उतरू लागते, आणि चावण्याची घडीच बिघडते. पुढे तारा लावून ती घडी बसवावी लागते किंवा कृत्रिम दात बसवावा लागतो.

दाढ हिरडीतून डोकावल्यापासून पूर्ण वर येईपर्यंत कित्येक महिने जातात. या काळात तिचा माथा शेजारच्या दातांपेक्षा खाली असतो, त्यामुळे ब्रश वरच्यावर निघून जातो आणि नव्या दाढेला स्पर्शही करीत नाही. शिवाय नुकत्याच उगवलेल्या दाताचे कवच अजून पक्के व्हायचे असते. लाळेतील खनिजे शोषून ते हळूहळू कठीण होत जाते. म्हणजे दाढ सर्वांत नाजूक असते, त्याच वेळी तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

खाचांतला अंधार

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर उंचवटे असतात आणि उंचवट्यांमध्ये अरुंद, खोल खाचा असतात. यांतील पुष्कळशा खाचा ब्रशच्या एका केसापेक्षाही अरुंद असतात. मूल कितीही मन लावून दात घासो, त्या खाचेच्या तळाशी ब्रश पोहोचत नाही. अन्नाचे कण आणि साखर मात्र तेथे सहज उतरतात. त्यांवर जगणारे जिवाणू आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताच्या कवचातील खनिजे विरघळवीत जाते. वरून एक बारीक काळी रेघ दिसते, आत मात्र पोखरण पसरलेली असते.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. १५ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६३.१ टक्के होते. म्हणजे वाढत्या वयातील निम्म्याहून अधिक मुले या त्रासातून जातात. मुलांच्या कायमच्या दातांतील बहुतांश कीड मागच्या दाढांनाच लागते आणि तिची सुरुवात प्रामुख्याने खाचांतून होते. दाढेच्या खाचांचे रक्षण केले तर मुलांच्या दुखण्याचा मोठा वाटा टळतो, हे यावरून उमगते.

जन्मतः दुबळी दाढ

काही मुलांच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर असतो. त्यांची दाढ हिरडीतून वर येतानाच दुबळी असते. तिच्यावर पांढुरके, पिवळट किंवा तपकिरी डाग असतात, कवच खडूसारखे ठिसूळ असते आणि चावण्याच्या नेहमीच्या दाबानेही त्याचे टवके उडतात. पुष्कळदा वरच्या जबड्यातील समोरच्या दातांवरही तसेच डाग असतात. दंतवैद्यक याला मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन म्हणते, संक्षेपाने एमआयएच. दाढा आणि समोरच्या दातांच्या कवचात खनिजे पुरेशी न भरणे, असा त्याचा अर्थ. हे नाव २००१ मध्ये रूढ झाले. व्याधी मात्र त्याआधीपासूनच पाहण्यात होती.

जगभरातील पाहण्यांचा एकत्रित विचार करता साधारणतः १३ ते १४ टक्के मुलांमध्ये ही अवस्था आढळते. भारतात गांधीनगर, उदयपूर, चंडीगड आणि दावणगिरे येथे झालेल्या पाहण्यांत शंभरामागे साधारण सहा ते दहा मुलांच्या दाढा अशा निघाल्या. चाळीस मुलांच्या एका वर्गाचा विचार केला तर त्यात दोन-चार मुले अशी असण्याचा संभव आहे.

हे का घडते, याचे मूळ दाताच्या घडणीच्या काळात आहे. पहिल्या कायमच्या दाढेचे कवच बालकाच्या जन्माच्या सुमारास घडू लागते आणि अडीच-तीन वर्षांच्या वयापर्यंत पूर्ण होते. दाढ तोंडात सहाव्या वर्षी दिसते खरी, पण तिचे कवच त्याच्या कितीतरी आधी जबड्याच्या आत तयार झालेले असते. जन्माच्या वेळची गुंतागुंत, अपुऱ्या दिवसांचा जन्म, पहिल्या तीन वर्षांतील तीव्र ताप आणि वारंवारची आजारपणे यांचा या अवस्थेशी संबंध दिसून आला आहे. आनुवंशिकतेचाही वाटा मानला जातो. एकच एक कारण मात्र सिद्ध झालेले नाही. त्यामुळे मातेने गरोदरपणी काही कमी केले किंवा मुलाला दूध कमी पडले, असा दोष कुणी कुणाला देऊ नये. कवच घडविणाऱ्या पेशी आपले काम आटोपून नष्ट होतात. म्हणून राहिलेली उणीव शरीर स्वतःहून भरून काढू शकत नाही. आता कॅल्शियमच्या गोळ्या दिल्याने घडून गेलेले कवच मजबूत होत नाही. बाहेरून संरक्षण देणे, हाच मार्ग उरतो.

अशा दाढेला गार पाणी, गार वारा, कधी ब्रशचा स्पर्शही झोंबतो. मूल त्या बाजूने घास चावीत नाही, दात घासताना ती बाजू चुकवते. घरची माणसे त्याला आळशी किंवा हट्टी समजतात. प्रत्यक्षात ते वेदना चुकवीत असते. चुकविल्यामुळे त्या बाजूस घाण साचते, घाणीमुळे कीड लागते आणि किडीमुळे वेदना वाढते. शिवाय अशा दाढेला बधिर करण्याचे इंजेक्शनही नीट लागू पडत नाही, असा दंतवैद्यांचा अनुभव आहे. दुखेपर्यंत थांबलेल्या मुलाचे उपचार म्हणूनच अधिक कठीण होतात आणि दवाखान्याची धास्ती त्याच्या मनात कायमची बसते.

डाग कशाचा, हे ओळखावे

बोअरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या गावांत दातांवरील प्रत्येक डाग 'पाण्यातल्या क्षाराचा' समजण्याची रीत आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असले तर दातांवर डाग पडतात, हे खरे आहे. भारतीय मानकानुसार पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि अन्य स्रोत नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. परंतु फ्लोराइडचे डाग सामान्यतः अनेक दातांवर, डाव्या-उजव्या बाजूंस सारखे, ढगाळ रेघांसारखे पसरलेले असतात. एमआयएचचे डाग काठ स्पष्ट असलेल्या ठिपक्यासारखे असतात. एक दाढ पार बिघडलेली आणि दुसरी धड, असाही प्रकार दिसतो. नेमका निवाडा दंतवैद्यानेच करावा.

येथे अनेक जैन घरांत पाळल्या जाणाऱ्या एका नित्यक्रमाविषयी सांगणे उचित ठरेल. पाणी उकळून पिण्याने रोगजंतू नष्ट होतात. फ्लोराइड मात्र उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्यास त्याचे प्रमाण किंचित वाढते. घरच्या बोअरविषयी शंका असेल तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

१९५५ चा शोध

१९५५ हे वर्ष जिल्ह्यातील जैन समाजाला कुंथलगिरीमुळे स्मरणात आहे. भूम तालुक्यातील त्या सिद्धक्षेत्री आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना त्याच वर्षी झाली. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेतील रोचेस्टर येथे मायकल बुओनोकोर या दंतसंशोधकाने एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. धातूच्या पत्र्यावर रंग पक्का बसावा म्हणून उद्योगांत त्यावर आधी फॉस्फरिक आम्लाचा हात फिरविला जात असे. दाताच्या कवचावरही तसेच केले तर त्यावर राळेचा थर घट्ट चिकटेल काय, असा प्रश्न बुओनोकोरने स्वतःला विचारला. आम्लामुळे कवचावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे पडतात, पातळ राळ त्यांत शिरते आणि कठीण झाल्यावर तेथेच रुतून बसते, असे पुढे स्पष्ट झाले.

दात कोरून, त्याला खाच पाडून त्यात मसाला ठासायचा, ही तोवरची रीत होती. दाताचा निरोगी भाग न गमावता त्याला काही चिकटविता येते, हे या शोधाने दाखविले. पुढे सुधारित राळ आली आणि १९७० च्या दशकारंभी सीलंट बाजारात उपलब्ध झाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी काचेची भुकटी व एक सौम्य आम्ल यांपासून ग्लास आयनोमर सिमेंट तयार केले. ते ओलसर जागीही बऱ्यापैकी चिकटते आणि हळूहळू फ्लोराइड सोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट केले.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या माहितीनुसार सीलंट लावल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मागच्या दातांतील सुमारे ८० टक्के कीड टळते आणि चार वर्षांपर्यंत सुमारे निम्म्या किडीपासून संरक्षण मिळते. याच केंद्राने २०१६ मध्ये नमूद केले की सीलंट न लावलेल्या ६ ते ११ वर्षांच्या मुलांच्या पहिल्या दाढांत कीड जवळजवळ तिपटीने अधिक आढळते.

दवाखान्यातील ती काही मिनिटे

सीलंट लावण्याची क्रिया समजली की पालकांची निम्मी भीती ओसरते. दंतवैद्य प्रथम दाढ स्वच्छ करतात. कापसाच्या वळ्या किंवा पातळ रबरी पडदा लावून लाळ दूर ठेवतात, कारण दाढ कोरडी असणे हे या कामाचे मर्म आहे. नंतर आम्लाचा सौम्य जेल पंधरा ते तीस सेकंद लावून धुऊन टाकतात. दाढ वाळली की तिचा माथा खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर पातळ राळ सोडली जाते, ती खाचांत उतरते, आणि निळ्या प्रकाशाच्या साहाय्याने काही सेकंदांत कठीण होते. मुलाला चावून दाखवायला सांगून उंचवटा राहिला नाही ना, हे पाहिले जाते. एका दाढेला थोडी मिनिटेच लागतात. मूल लगेच घरी जाऊन जेवू शकते.

ही राळ कृत्रिमरीत्या बनविलेली असते आणि ग्लास आयनोमर हे काचेच्या भुकटीपासून बनते. त्यांच्या मूळ घटकांत प्राणिज पदार्थ नसतात. दुबळ्या दाढांसाठी दिली जाणारी काही खनिजयुक्त मलमे मात्र दुधातील केसीन या प्रथिनापासून बनतात. ज्या मुलांना दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे त्यांना ती वापरू नयेत. शंका असल्यास वेष्टनावरील घटक दाखविण्याची विनंती दंतवैद्याला निःसंकोच करावी.

दुबळ्या दाढेचा वेगळा विचार

निरोगी दाढेला सीलंट लावणे सोपे असते. एमआयएच झालेल्या दाढेचे कवच सच्छिद्र असते, त्यात प्रथिनांचा अंश अधिक असतो, त्यामुळे राळेची पकड कमी बसते आणि सीलंट लवकर निघण्याचा संभव असतो. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत उपचारांची पायरी दाढेच्या स्थितीवरून ठरते.

दाढ अर्धवट उगवलेली असेल तर ती पुरेशी कोरडी ठेवता येत नाही. अशा वेळी ग्लास आयनोमरचा तात्पुरता लेप आणि फ्लोराइड व्हार्निश यांवर वेळ निभावून नेली जाते. दाढ पूर्ण वर आली, डाग आहे पण कवच शाबूत आहे, तर चिकटपणा वाढविणारे द्रव आधी लावून राळेचे सीलंट बसविता येते. कवचाचे टवके उडालेले असतील तर सीलंट पुरत नाही. तेथे सिमेंट भरावे लागते किंवा स्टीलची तयार टोपी बसवून दाढ मोठ्या वयापर्यंत टिकवून धरावी लागते. दाढ फारच ढासळलेली असेल तर आठ ते दहा वर्षांच्या वयात, दातांच्या ठेवणीच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊन, ती काढण्याचा निर्णयही घेतला जातो. त्यायोगे मागची दुसरी दाढ पुढे सरकून तिची जागा घेऊ शकते. हा निर्णय वेळेशी बांधलेला आहे. बाराव्या वर्षी तोच निर्णय घेतला तर तसा लाभ होईलच असे नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सहाव्या वर्षी तपासणी झाली तर लेपावर भागते, आठव्या वर्षी टोपीपर्यंत जावे लागते, आणि दहाव्या वर्षी कदाचित दाढच हातची जाते. व्यापारी घराला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही. मुद्दल शाबूत असताना केलेला थोडका खर्च आणि मुद्दल बुडाल्यावर केलेली धावपळ, यांतील अंतर पेढीवर बसणारा प्रत्येक जण जाणतो. रूट कॅनाल आणि टोपी यांच्या खर्चाच्या मानाने सीलंटचा खर्च पुष्कळच कमी असतो.

सीलंटच्या मर्यादा

सीलंट हे कवच आहे, अभयदान नव्हे. ते केवळ दाढेच्या माथ्यावरील खाचा झाकते. दोन दातांच्या फटीत लागणारी कीड त्याने थांबत नाही. ते झिजते, कधी अर्धे निघते. म्हणून दर सहा महिन्यांनी पाहणी आवश्यक असते आणि निघाले असल्यास पुन्हा लावावे लागते. अगदी प्रारंभीची, खड्डा न पडलेली कीड सीलंटखाली बंद केली तर ती सहसा पुढे वाढत नाही, कारण जिवाणूंचा अन्नपुरवठाच तुटतो. खड्डा पडल्यावर मात्र रीतसर उपचार करणे भाग असते.

सीलंटमधील रसायनांविषयी काही पालक धास्तावलेले असतात. काही राळांतून बिस्फेनॉल ए या पदार्थाचा अतिसूक्ष्म अंश लावल्यानंतर थोडा वेळ लाळेत उतरू शकतो. दंतवैद्यकातील मान्यवर संस्थांच्या मते हे प्रमाण अत्यल्प असून त्यापासून धोका दिसत नाही. लेप कठीण झाल्यावर वरचा थर पुसून घेणे आणि मुलाला चूळ भरायला लावणे, एवढ्याने ते आणखी कमी होते.

घरचे नियम आणि दातांचे आरोग्य

दातांच्या किडीत साखरेच्या एकूण प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ती दिवसातून किती वेळा खाल्ली जाते याला असते. प्रत्येक वेळी गोड खाल्ल्यावर तोंडात आम्ल तयार होते आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दर तासाला एक गोळी खाणाऱ्या मुलाचे दात दिवसभर आम्लात राहतात. चिकट पदार्थ तर खाचांत रुतूनच बसतात. चिक्की, गुळपापडी, पेढा, बिस्किटे, चिवड्यातील मनुका यांची नावे या संदर्भात घ्यावी लागतात. भूम-कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा मुलाला नाकारावा असे नाही. तो जेवणाबरोबर द्यावा, गल्ल्यावर बसल्या बसल्या अधूनमधून देऊ नये.

या दृष्टीने पाहता ठरावीक वेळीच खाण्याची जैन घरांतील शिस्त दातांना उपकारकच आहे. सूर्यास्तानंतर न खाण्याच्या नियमामुळे रात्रीची दीर्घ विश्रांती दातांना मिळते. झोपेत लाळ कमी होते, म्हणून झोपण्यापूर्वी तोंडात अन्नकण राहू नयेत हे महत्त्वाचे. येथे एक अडचण मात्र उद्भवते. चोविहार करणारे मूल सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, आणि मग रात्रीचा ब्रश राहून जातो. संध्याकाळचे जेवण आटोपले की पच्चक्खाण घेण्यापूर्वी मुलाने ब्रश करावा, असा क्रम घरात लावला तर नियमही पाळला जातो आणि दातही स्वच्छ राहतात. पर्युषणात अथवा दशलक्षण पर्वात एकासणे किंवा बियासणे करणाऱ्या मुलांनी जेवण संपताच चूळ भरून दात घासण्याची सवय ठेवावी.

टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलाने ती गिळू नये, थुंकून टाकावी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी. मागची नवी दाढ घासताना ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिच्या माथ्यावर फिरवावा, म्हणजे ती सुटत नाही. राखुंडी आणि खरबरीत दंतमंजने दुबळे कवच झिजवितात. ती मुलांना देऊ नयेत.

धाराशिवमध्ये कोठे जावे

धाराशिवचा समावेश नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत होतो. मोठ्या शहरांइतक्या तज्ज्ञ सेवा येथे दारापाशी नाहीत, हे मान्य करून चालावे लागते. तथापि सीलंट लावण्यासाठी मोठ्या शहरात जावेच लागते असे नाही. सर्वसाधारण दंतवैद्यही हे काम करतात. बालदंतरोगतज्ज्ञाची गरज दाढ फारच दुबळी असेल किंवा मूल घाबरत असेल तेव्हा भासते. त्यासाठी सोलापूर आणि लातूर ही शहरे जवळ आहेत. लातूरला दंत महाविद्यालय आहे आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी बालदंतरोगाचा स्वतंत्र विभाग असतो आणि शुल्क तुलनेने माफक असते. मालखरेदीसाठी या शहरांकडे व्यापाऱ्यांच्या फेऱ्या होतच असतात. त्यांतील एक फेरी शाळेच्या सुट्टीत मुलासह करणे अवघड नाही.

शासकीय व्यवस्थेचाही एक धागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात दातांची कीड हीदेखील नोंदविण्याच्या आजारांपैकी एक आहे. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात व गरज भासल्यास मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवितात. परंतु हा कार्यक्रम शासकीय आणि अनुदानित शाळांसाठी आहे. व्यापारी कुटुंबांतील पुष्कळ मुले आता खासगी विनाअनुदानित शाळांत शिकतात. त्या वर्गांत हे पथक जात नाही. ज्या मुलांचे पालक उपचाराचा खर्च सहज करू शकतात, नेमक्या त्याच मुलांचे तोंड सहाव्या वर्षी कुणी उघडून पाहत नाही, असा हा विरोधाभास आहे.

तो दूर करणे समाजाच्या हाती आहे. महिला मंडळे आणि युवक मंडळे दरवर्षी रक्तदान व नेत्रतपासणीची शिबिरे भरवितात. त्यांतच पहिली ते तिसरीच्या मुलांच्या दाढांची तपासणी जोडली तर फारसा जादा खर्च येत नाही. दंतवैद्याचा एक दिवस, उजेड आणि तोंड पाहण्याचा आरसा एवढ्यावर दुबळ्या दाढांची मुले वेगळी काढता येतात. शिबिरात सर्व समाजांतील मुले आली, वाडी-वस्तीवरची आली, दुकानातील हमालांची आणि घरकाम करणाऱ्या बायांची मुले आली, तर त्या सेवेचे मोल अधिक वाढेल. मात्र शिबिरात नाव निघालेल्या मुलाला पुढे सीलंट लागले की नाही, याचा पाठपुरावा दोन महिन्यांत व्हायला हवा. अन्यथा शिबिराची छायाचित्रे राहतील आणि दाढ जाईल.

पालकांनी लक्षात ठेवावे असे

मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे नवी दाढ आली का, हे महिन्यातून एकदा उजेडात पाहावे. वर आणि खाली, दोन्ही बाजूंस, अशा चार जागा पाहाव्यात.

दाढेवर किंवा समोरच्या नव्या दातांवर डाग दिसला, मूल गार पाण्याला दचकू लागले किंवा एकाच बाजूने चावू लागले, तर दुखण्याची वाट पाहू नये.

दाढ पूर्ण वर येताच सीलंटविषयी दंतवैद्याला विचारावे. बाराव्या वर्षी दुसऱ्या दाढांसाठी पुन्हा विचारावे. लावल्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

घरातील एका मुलाची दाढ दुबळी निघाली असेल तर धाकट्या भावंडाची दाढ उगवताच दाखवावी.

आजीने धीर देणे ही घराची श्रीमंती आहे आणि ती राहायलाच हवी. त्या धीराबरोबर आता एवढीच माहिती तिच्यापर्यंत पोहोचायला हवी की सहाव्या वर्षी अगदी मागे, काहीही न पडता आलेली दाढ ही मुलाच्या उरलेल्या साऱ्या आयुष्याची असते. मग पुढच्या वेळी गार पाणी पिताना नातू गाल धरील, तेव्हा "पडेल आपोआप" असे आजी म्हणणार नाही. ती सुनेला म्हणेल, "उद्या दुकान थोडे उशिरा उघडले तरी चालेल, आधी याची दाढ दाखवून या."